थंडीतल्या सायकल सफरीच्या बॅगा: आधी दुपारच्या सामानाचा हिशोब करा

प्रश्न निपाणीच्या एका तरुणाचा आहे. डिसेंबरच्या शेवटी तो आणि त्याची धाकटी बहीण सायकलीनं निघणार. निपाणीहून बेळगाव, मग जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, दोडामार्ग, तिलारी घाट चढून पाटणे फाटा, शिनोळी आणि परत. चार-पाच दिवस, तंबू बरोबर. त्याची हार्डटेल आहे, म्हणजे मागं सस्पेन्शन नाही, फक्त पुढं, १०० मिलिमीटरचं. बहिणीची छोट्या फ्रेमची हायब्रिड, सस्पेन्शन नाही. सीटखालच्या आणि हँडलच्या बॅगा घ्याव्यात की कॅरियर लावून पॅनियर, म्हणजे चाकाच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या बॅगा? किती लिटर? सगळं वॉटरप्रूफच लागतं का? आणि पाणी कुठं ठेवायचं?

इंटरनेटवर थंडीतल्या बाईकपॅकिंगचं, म्हणजे सायकललाच बॅगा बांधून केलेल्या सफरींचं, जे काही वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं अलास्का, मिनेसोटा असल्या मुलखातल्या लोकांनी लिहिलेलं असतं. तिथं बर्फावरून जाड टायरच्या सायकली चालवतात, बाटलीतलं पाणी गोठतं, म्हणून बाटली उलटी ठेवतात, कारण बर्फ वरच्या बाजूनं धरायला लागतो. हातमोजे न काढता उघडता येईल एवढं मोठं बक्कल लागतं. हे सगळं खरंच आहे, आणि उद्या तुम्ही हिवाळ्यात स्पितीला जाणार असाल तर उपयोगीही पडेल. पण आपल्याकडं बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात थंडी म्हणजे पहाटे १२-१४ अंश, एखाद्या रात्री दहाच्या खाली, आणि दुपारी २८-३०. चोर्ला उतरून साखळीत गेलात की रात्रीसुद्धा वीसच्या आसपास आणि हवा दमट. बर्फाचा प्रश्नच नाही. आपले प्रश्न तीन: दहिवर, फुफाटा, आणि पहाट ते दुपार यांतला तो पंधरा अंशांचा फरक.

हा फरकच बॅगेची निवड ठरवतो, आणि बहुतेक जण नेमकं तेच विसरतात. घरी पलंगावर सामान मांडून बॅगा भरताना आपण रात्रीचा हिशोब करतो. तंबू मावला, झोपायची पिशवी मावली, कपडे मावले, झालं. पण सकाळी साडेसहाला निघताना अंगावर कानटोपी, जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे, लांब पँट असतं. दहा वाजता यातलं काहीच अंगावर नसतं. ते सगळं कुठं जाणार? चार-पाच लिटरचा ऐवज होतो तो. त्यात तंबूचं वरचं कापड दहिवरानं भिजलेलं असतं, ते सकाळसारखं घट्ट वळलं जात नाही. म्हणजे हिवाळ्यात बॅग सर्वांत जास्त भरलेली असते ती दुपारी. निवड दुपारच्या सामानाला धरून करा. घरी भरून पाहताना पहाटेचे कपडे अंगावर न घालता बॅगेत घालून पाहा. तेव्हाही बॅग सहज बंद झाली, तरच ती पुरेशी.

आता लिटर. झोपायची पिशवी या हवेला कम्फर्ट १० अंशांची, म्हणजे दहा अंशांपर्यंत आरामात झोप लागेल अशी, पुरे, तीही सिंथेटिक. पिसांची पिशवी हलकी आणि लहान होते हे कबूल, पण सलग दोन-तीन रात्री दहिवर आणि तंबूतला दमटपणा खाल्ला की पिसं चिकटून गोळे होतात आणि ऊब जाते. सिंथेटिकला सात-आठ लिटर जागा लागते. तंबू दोघांत वाटून घ्या: एकाकडं कापड, दुसऱ्याकडं काठ्या आणि आतली जाळी. चटई, कपडे, हत्यारं, खाणं आणि वर सांगितलेली दुपारची रिकामी जागा धरली तर माणशी पंचवीस ते तीस लिटर होतात. चाळीस लिटर घेतलेत तर चाळीस भरतील. रिकामी जागा दिसली की आई त्यात काहीतरी कोंबणारच, हा निपाणीतला काय नि बेळगावातला काय, सगळ्याच घरांतला प्रकार आहे.

पॅनियर की बाईकपॅकिंग बॅगा, याचं माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमचा रस्ता जवळजवळ सगळा डांबरी आहे. खड्डे असतील, पण डांबरीच. अशा वाटेला कॅरियर आणि पॅनियर हा जुना उपाय आजही चांगला आहे. फोटोत तो देखणा दिसत नाही एवढंच. सीटबॅग, फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी फ्रेमबॅग ही मंडळी जन्माला आली ती पायवाटांसाठी, जिथं कॅरियरचे बोल्ट ढिले होतात, रुंद बॅगा झुडपांत अडकतात आणि सायकल उचलून न्यावी लागते. तुम्हाला पुढं-मागं खानापूरच्या बाजूच्या कच्च्या वाटांनी हिंडायचं असेल, तर तुमच्या हार्डटेलसाठी त्या जरूर घ्या. बहिणीच्या सायकलीला मात्र कॅरियरच लावा. छोट्या फ्रेमवर सीट खाली असते. सीटच्या रुळांपासून टायरपर्यंत किमान वीस सेंटीमीटर सुटत नसतील, तर भरलेली सीटबॅग प्रत्येक खड्ड्यात टायरला घासणार. एका दिवसात तळाचं कापड झिजून भोक पडतं.

तिला मोठे वीस-वीस लिटरचे पॅनियर नकोत. पुढच्या चाकासाठी म्हणून विकले जाणारे साधारण बारा लिटरचे दोन घेऊन मागच्या कॅरियरला अडकवा. ते अरुंद असतात, आणि छोट्या सायकलीवर पायडल मारताना टाच बॅगेला लागते तेही टळतं. खरेदीच्या वेळी सायकल दुकानात घेऊन जा, पॅनियर अडकवून बूट घालून उलटसुलट पायडल फिरवून बघा. हूक वरून बंद होणारे हवेत आणि खाली आणखी एक अडकवण हवी, नाहीतर खराब रस्त्यावर बॅग उडी मारून सुटते. कॅरियर डिस्क ब्रेकच्या आड येत नाही ना हेही तिथंच पाहून घ्या. बोल्टला आटे धरणारं लॉकचं द्रव्य लावा आणि एक-दोन जास्तीचे बोल्ट हत्यारांत ठेवा.

रुंदीचं आणखी एक कारण आहे, ते आपल्या भागाचं. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. संकेश्वर, निपाणीच्या कारखान्यांकडं जाणारे ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेला असतो. पहिली ट्रॉली तुम्हाला सोडून जाते, दुसरी थोडी आत ओढली जाते. अशा वेळी तुमच्या सायकलीची रुंदी हँडलपेक्षा जास्त नसावी. हँडलच्या टोकांना दोन्ही हातांनी धरून खाली पाहा, पॅनियर त्याच्या बाहेर दिसत असेल तर तो मोठा आहे.

तुमच्या हार्डटेलकडं वळू. सीटबॅग घेतलीत तर दहा ते बारा लिटरची घ्या, सोळाची नको. मोठी सीटबॅग अर्धी रिकामी राहिली की उभं राहून चढ चढताना बैलाच्या शेपटीसारखी डावी-उजवी हलते, आणि तिलारी घाटात तुम्ही उभे राहूनच चढणार आहात. हलणं थांबवायचा उपाय पट्टे आवळणं हा दुसरा, पहिला म्हणजे भरण्याची रीत. निमुळत्या टोकात, सीटच्या नळीजवळ, जड आणि कडक वस्तू ठासून बसवा, मग मऊ कपडे, आणि हवा काढत तोंड गुंडाळा. एकदा अशी बसवलेली सीटबॅग दिवसा उघडायची नाही. उघडली की पुन्हा तशी बसत नाही. म्हणून पहाटेचं जाकीट तिच्यात ठेवायचा बेत करू नका.

जाकीट जायचं हँडलवर. हँडलबॅगेचे दोन प्रकार मिळतात. एकात बॅग आणि पट्टे एकत्र शिवलेले, दुसऱ्यात हँडलला फक्त एक खोगीर बांधलेलं असतं आणि त्यात वेगळी गुंडाळी अडकवायची. दुसरा घ्या. सकाळी गुंडाळी बांधताना दहिवरानं हात ओले आणि बधिर असतात, अशा वेळी गुंडाळी जमिनीवर भरून नंतर दोन बक्कलांनी चढवणं कितीतरी सोपं. शिवाय खोगिराच्या वरच्या बाजूला लवचीक दोरी असेल तर उतरवलेलं जाकीट न थांबता तिथं खोचता येतं. गुंडाळीत झोपायची पिशवी आणि चटई, म्हणजे आकार मोठा पण वजन कमी. हँडलवर दोन-तीन किलोंच्या वर टाकलंत तर उतारावर वळताना सायकल ऐकत नाही, आणि चोर्ला घाट वळणांचाच आहे.

हँडलबॅग बांधण्याआधी एक चाचणी करा. पुढचं सस्पेन्शन हवेचं असेल तर त्यातली हवा सोडा, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबोटी भाग) पूर्ण खाली दाबा आणि मग बॅग आणि टायर यांत किती जागा उरते ते पाहा. दोन बोटं तरी उरली पाहिजेत. पार्किंगमध्ये उभ्या सायकलीला दिसणारं अंतर काही सांगत नाही. ब्रेकच्या नळ्या आणि गिअरच्या केबल बॅगेखाली चेपल्या जातात, तेही बघा. हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवा. गिअर आपोआप बदलला तर केबल अडकतेय. बॅग आणि हँडल यांच्यात स्पंजचे दोन जाड तुकडे घातले की जागा होते.

हँडलबॅगेचा आणखी एक उपद्रव म्हणजे ती दिवा झाकते. डिसेंबरअखेरीस सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. कणकुंबीच्या बाजूला सकाळी धुकंही असतं. दिवा बॅगेच्या पुढं येईल असा आडवा दांडा हँडलला लावा, किंवा दिवा खाली फोर्कच्या डोक्यावर बसवा. धुक्यात खालचा दिवा जास्त उपयोगी, वरचा उजेड धुक्यावर आदळून डोळ्यांतच येतो. मागचा लाल दिवा सीटबॅगेच्या शेपटाला अडकवतात, पण बॅग खाली झुकली की दिवा रस्त्याकडं पाहायला लागतो. तो मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळीवर, उजव्या बाजूला लावा. दिसायला मात्र मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला दिसला पाहिजे, म्हणून मित्राला शंभर पावलं मागं उभं करून तपासा. ही गोष्ट कंटाळवाणी वाटते, पण सगळ्या बॅगांच्या चर्चेपेक्षा महत्त्वाची आहे.

वॉटरप्रूफचं काय? सगळं वॉटरप्रूफ घेणं ही इथल्या हिवाळ्यातली मोठी फसगत. पाऊस क्वचित, कधीतरी अवकाळी. ओलावा येतो तो तुमच्याच सामानातून. सकाळचं भिजलेलं तंबूचं कापड शिवण नसलेल्या, उष्णतेनं जोडलेल्या बॅगेत बंद केलंत आणि दुपारी ऊन चढलं, की आत वाफ धरते आणि शेजारचे कोरडे कपडेही दमट होतात. त्यामुळं पूर्ण वॉटरप्रूफ दोनच गोष्टींना: झोपायची पिशवी, आणि मोबाईल-पॉवरबँक. ओलं कापड जाळीच्या पिशवीत, सगळ्यांच्या बाहेर, कॅरियरवर किंवा हँडलच्या गुंडाळीवर. बाकीच्या बॅगा साध्या कापडी चालतात, आत जाड प्लास्टिकची पिशवी घातली की झालं. तोंड गुंडाळायच्या बॅगेला किमान तीन घड्या पडल्या पाहिजेत. दोन घड्यांत बसणारी बॅग म्हणजे जास्त भरलेली बॅग.

आणि दुपारी जेवायला थांबाल तिथं सगळं ओलं उन्हात पसरा. अर्धा तास पुरतो. ज्या बॅगेतून हे सामान एका हाताला लागतं ती चांगली, जिच्यासाठी अर्धी सायकल मोकळी करावी लागते ती कितीही महाग असली तरी हिवाळ्याला वाईट. तुम्हाला कंटाळा येईल, तुम्ही पसरणार नाही आणि रात्री ओल्यात झोपाल.

फुफाट्याचं सांगायचं राहिलं. जांबोटीच्या पुढची तांबडी माती मैद्यासारखी बारीक नसते, तिच्यात खर असते, आणि ती बॅगेच्या चेनच्या, म्हणजे झिपच्या, दातांत बसते. फ्रेमबॅगेची चेन ही सगळ्या सामानातली सर्वांत आधी मरणारी वस्तू. वरून रबरासारखा लेप दिलेली वॉटरप्रूफ चेन दुकानात भारी दिसते, पण ती मुळातच जड सरकते, त्यात माती गेली की दोन्ही हातांनी ओढावी लागते आणि रनर फाटतो. त्यापेक्षा जाड दातांची साधी चेन आणि तिच्यावर कापडाची पट्टी, हे आपल्या मातीला बरं. साधा रनर बेळगावात कुठलाही बॅगवाला बदलून देतो, लेपाच्या चेनचा सहज मिळत नाही. रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशनं दात झाडा आणि मेणबत्ती फिरवा. तेल लावू नका, तेल माती धरून ठेवतं. आणि फ्रेमबॅग फुगेपर्यंत भरू नका. फुगलेली बॅग गुडघ्याला घासते, चेनवर ताण येतो, आणि मग दोष बॅगेला देतात.

पट्टे फ्रेमला जिथं लागतात तिथं आधी पारदर्शक जाड टेप किंवा जुन्या ट्यूबचे तुकडे लावा. पट्ट्याखाली माती गेली की तो पट्टा कानशीचं काम करतो. रंग जातो, आणि कार्बनची नळी असेल तर तीही झिजते.

फ्रेमबॅगेत जड सामान: हत्यारं, ट्यूब, पॉवरबँक, खाणं. वजन जितकं खाली आणि मध्ये, तितकी सायकल शहाणी. आडव्या नळीवरच्या छोट्या बॅगेत चालता चालता खायचं. गोकाकचा करदंट यासाठी केला आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. डिंक, गूळ, सुकामेवा, थंडीत दगड होत नाही आणि उन्हात वितळत नाही. कुंदाही न्या, पण स्टीलच्या डब्यात आणि रात्री खायला. बॅगेत सांडला तर मुंग्या तुमच्याबरोबर दोडामार्गापर्यंत येतील.

मुंग्यांवरून आठवलं. खानापूरच्या जंगलात अस्वलं आहेत. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, तिथं परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि जंगलात तंबू लावायचा नाही. गावात विचारून शाळेच्या किंवा देवळाच्या ओट्यावर झोपा, लोक नाही म्हणत नाहीत. खाण्याची बॅग रात्री सायकलवर सोडू नका आणि उशाशीही घेऊ नका, ज्या घरी विचारलंत तिथंच ठेवायला द्या. म्हणून खाण्याची बॅग झटकन सुटी होणारी हवी, फ्रेमला बारा ठिकाणी वेल्क्रोनं बांधलेली नको.

बजेटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्टमुट ऑर्टलीब या जर्मन तरुणानं इंग्लंडातल्या पावसात सायकल चालवताना ट्रकची ताडपत्री पाहिली आणि तिच्यापासून सायकलच्या बॅगा शिवल्या. १९८२ मध्ये त्याची कंपनी सुरू झाली आणि आज ती बॅग जगभर ओळखतात. ताडपत्री आणि ती शिवणारी माणसं आपल्याकडं कमी आहेत का? टेम्पोचे हूड शिवणारा कारागीर तुमची फ्रेमबॅग उत्तम शिवतो, फक्त त्याला नीट सांगावं लागतं. फ्रेमच्या आतल्या त्रिकोणाचा पुठ्ठा कापून न्या, सगळ्या बाजूंनी एक सेंटीमीटर लहान. बाटली ठेवायची असेल तर पुठ्ठा कापतानाच तिची जागा सोडा. दोरा सुती नको, नायलॉनचा. नवार जिथं जोडली जाते तिथं एक ओळ शिलाई पुरत नाही, चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मागा. पट्ट्याला बक्कल आडव्या नळीच्या बाजूला येऊ दे, आतल्या बाजूला नको, पोटरीला लागतं. फ्रेमबॅग आणि हँडलचं खोगीर असं शिवून घ्या, वाचलेल्या पैशांत सीटबॅग मात्र चांगली विकत घ्या. सीटबॅगेला आत कडक तक्ते लागतात, तिचे सगळे हिसके दोन-तीन टाक्यांवर येतात, आणि तिथं हूडची शिलाई कमी पडते.

घेतल्यावर पूर्ण भरलेल्या सायकली घेऊन एकदा निपाणीजवळचा तवंदी घाट चढून-उतरून या. मग प्रत्येक पट्टा पुन्हा आवळा. नवी नवार पहिल्या दिवशी ताणली जातेच.

पाणी. तुमच्या फोर्कला बाटलीचे बोल्ट नसतील, तर पकडीचे पिंजरे मिळतात, पण ते फोर्कच्या खालच्या, जाड नळीलाच लावायचे. अशा पिंजऱ्यांची मर्यादा बहुधा प्रत्येकी तीन किलो असते, त्यामुळं दोन बाजूंना एक-एक लिटर सहज चालतं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवा, एक बाटली संपवून दुसरी भरलेली ठेवू नका, घोट-घोट दोन्हींतून प्या. बहिणीच्या सायकलीला फ्रेमवर दोन बाटल्या बसतील, कारण तिला फ्रेमबॅग घ्यायचीच नाही. थंडीत तहान लागत नाही, म्हणून कणकुंबीपर्यंत माणशी दोन लिटर पुरेसे वाटतील. खाली उतरल्यावर मात्र हवा दमट आणि दुपार कडक. भेडशीच्या पुढं तिलारी घाटाचा चढ अंगावर येतो, तिथं माणशी तीन लिटर धरा, आणि घाटात सोय शोधत बसण्यापेक्षा दोडामार्गातच भरून घ्या.